मे महिन्यातली खोली, ५८००एक्स आणि डीपकूल एके६२०

डीपकूलचा एके६२० हा प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर एप्रिलमध्ये घेतला, अख्खी लग्नसराई त्याच्यावर काढली आणि आता पाऊस लागलाय म्हणून जरा निवांत बसून लिहितोय. आधीच सांगून टाकतो, कूलर मला आवडलाय, पैसे वसूल आहेत. पण नुसतं "मस्त आहे, घ्या" लिहून काही उपयोग नाही, कारण घ्यायच्या आधी मी जे रिव्ह्यू बघितले ते सगळे बाहेरच्या देशातले, एकवीस-बावीस डिग्रीच्या खोलीत बसून केलेले, आणि माझी खोली भांडुपला, वरचा मजला, डोक्यावर स्लॅब, खिडकी पश्चिमेला, मे महिन्यात रात्री नऊ वाजता पण आत ३३. त्यांचे आकडे घेऊन आपण हिशोब मांडला की तो चुकतोच. माझा चुकला होता आणि त्यात एका पार्टीची डिलिव्हरी लटकली, म्हणून सगळं नीट लिहितोय.

मशीन सांगतो. एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, मध्यम ग्राफिक कार्ड. काम लग्नाचे, साखरपुड्याचे व्हिडिओ एडिट करायचं, आणि शेवटचा एक्सपोर्ट मी सॉफ्टवेअर एन्कोडिंगवर, म्हणजे ग्राफिक कार्डाऐवजी प्रोसेसरवर टाकतो कारण क्वालिटीत फरक दिसतो, म्हणजे आठही कोअर तास-दीड तास शंभर टक्क्यांवर. आणि लग्नं असतात कधी, एप्रिल-मेमध्ये. ज्या दिवसांत मुंबई सगळ्यात जास्त तापते त्याच दिवसांत माझा प्रोसेसर सगळ्यात जास्त राबतो.

५८००एक्स हा नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला प्रोसेसर आहे, ८ कोअर, १६ थ्रेड, डब्यावर टीडीपी, म्हणजे कूलर निवडायला कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा, १०५ वॅट. पण सॉकेटमधून तो प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत खेचतो, बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ही मर्यादा पीपीटी नावाने दिसते. आणि आठही कोअर एकाच चिपलेटवर, म्हणजे सिलिकॉनच्या एका छोट्या तुकड्यावर, ज्याचं क्षेत्रफळ साधारण ८० चौरस मिलिमीटर, ९ बाय ९ मिलिमीटरच्या चौकोनाएवढं. अंगठ्याचं नख त्याहून मोठं असतं. एवढ्याशा जागेतून ती उष्णता आधी झाकणात यायची, झाकणातून पेस्टमध्ये, पेस्टमधून कूलरच्या तळाला, म्हणून वर कितीही मोठा कूलर बसवला तरी हा प्रोसेसर गरमच दिसतो. याची वरची मर्यादा एएमडीने ९० डिग्री ठेवलीये. तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, खाली आणतो, जळत वगैरे नाही.

आता जानेवारीत काय झालं ते. तेव्हा माझ्याकडे साधा सिंगल टॉवर कूलर होता, एक १२० मिमीचा पंखा. थंडीचे दिवस, रात्री खोलीत २५, आणि मला ओव्हरक्लॉकची, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायची हौस आली. बायॉसमध्ये सगळ्या कोअरना ४.६ गिगाहर्ट्झ, व्होल्टेज १.२८ फिक्स. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी टेस्ट) दहा मिनिटं चालवलं, ८३ डिग्री, एकदाही अडकलं नाही. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. मी म्हटलं झालं, नव्वदच्या आत आहे, सेफ आहे. फेब्रुवारीभर कामं केली, काही त्रास नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उकाडा सुरू झाला आणि एका लग्नाचा पावणेदोन तासांचा फायनल एक्सपोर्ट लावून मी जेवायला बसलो. परत आलो तर मशीन रीस्टार्ट होऊन लॉगिन स्क्रीनवर उभं. पुन्हा लावलं आणि या वेळी समोर बसून राहिलो, टेम्परेचर ८६, ८८, ९०, आणि निळी स्क्रीन. खोलीत तेव्हा ३३ होतं. सेटिंग तीच, कूलर तोच, पेस्ट तीच, फक्त खोली आठ डिग्रीने वर गेली होती.

हे मला तेव्हा कळलं आणि रिव्ह्यूमधला सगळ्यात कामाचा भाग माझ्या मते हाच आहे. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला ठराविक टेम्परेचरवर आणत नाही, तो खोलीच्या वर किती डिग्री ठेवायचं एवढंच ठरवतो. खोली २२ ला आणि प्रोसेसर ७८ ला, म्हणजे फरक ५६. तोच कूलर तेवढ्याच वॅटला ३३ च्या खोलीत आणला की ५६ मिळवायचे, ८९ झाले. उलट थोडं जास्तच होतं, कारण चिप जेवढी गरम तेवढी तिच्यातून करंटची गळती जास्त, म्हणजे त्याच क्लॉकला, त्याच व्होल्टेजला ती थोडे जास्त वॅट खाते आणि त्याने आणखी तापते. आणि दुसरी गोष्ट, जे व्होल्टेज ४.६ ला ८० डिग्रीवर पुरतं ते ९० वर पुरेलच असं नाही, ट्रान्झिस्टर गरम झाला की त्याच वेगाला त्याला थोडं जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून जानेवारीत पास झालेलं सेटिंग मार्चमध्ये पडलं. प्रोसेसर काही खराब झाला नव्हता. तेव्हापासून माझा नियम, मुंबईत ओव्हरक्लॉक करायचं तर टेस्ट मे महिन्यात दुपारी तीन वाजता करायची, एसी बंद ठेवून, आणि तिथे पास झालं तरच ते ठेवायचं. जानेवारीतली टेस्ट मी धरतच नाही.

मग कूलर घ्यायचं ठरलं. लॅमिंग्टन रोडला गेलो, मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटांवर आहे, शनिवारची गर्दी, तीन-चार ठिकाणी रेट विचारले आणि एका दुकानात साडेपाच हजारांच्या आत बिलासकट एके६२० मिळाला. काउंटरवरचा मुलगा साताऱ्याकडचा होता, चांगलं बोलला, म्हणाला, "दादा, ५८००एक्स नव्वदला जाणारच, तुम्ही घाबरू नका, पण हा बसवलात तर लगेच जाणार नाही." मशीन मी टॅक्सीतून सोबतच नेलं होतं, रॅमच्या बाजूला जागा पुरेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनाच बसवून द्यायला सांगितलं, फिटिंगचे वेगळे पैसे दिले. दुकानाचं नाव लिहीत नाही.

घरी आणून चालू केलं, सिनेबेंच लावलं आणि वीस सेकंदांत ९०. जुन्या कूलरला तरी दीड-दोन मिनिटं लागायची. क्लॉक खाली खाली येत ३.९ पर्यंत गेला. दोन्ही पंखे पूर्ण वेगात, आतून आईचा आवाज, "अरे मिक्सर चालू ठेवलायस का, बाबांना झोपू दे." मला आधी वाटलं पीसच खराब निघाला. मग कूलरच्या हीटपाईपला, म्हणजे उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांना, हात लावून बघितला, तळाजवळ पाईप कोमट सुद्धा नाहीत. प्रोसेसर ९० ला आणि कूलर थंड, याचा एकच अर्थ, उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. हा हात लावून बघायचा प्रकार लक्षात ठेवा, पैसे लागत नाहीत आणि प्रश्न पेस्ट-फिटिंगचा आहे की हवेचा, ते अर्ध्या मिनिटात कळतं.

कूलर काढला. एएम४ वर, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटवर, काढताना एक काळजी घ्या, प्रोसेसरच्या खाली पिना असतात आणि सॉकेटची पकड वरून नसते, पेस्ट कोरडी असेल तर कूलरसोबत प्रोसेसर उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून मशीन आधी दहा मिनिटं चालवून गरम करायचं, मग बंद करून, वायर काढून, स्क्रू सोडले की कूलर सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे हळू फिरवायचा. तसंच केलं, चक् करून सुटला, उलटा केला आणि तांब्या-निकेलच्या तळावर पातळ पारदर्शक प्लास्टिक. ती संरक्षणाची फिल्म, जी बसवायच्या आधी सोलायची असते. तिच्यावर राखाडी पेस्ट छान चौकोनी पसरलेली आणि एका कोपऱ्यात फिल्मला बारीक सुरकुती. मी ती नखाने उचलून सोलली तेव्हा खाली तळ आरशासारखा चकचकीत होता. फिटिंगचे पैसे घेऊन एवढं बघत नाहीत याचा राग आला, दुकानात फोन केला, त्यांनी सॉरी म्हटलं आणि पैसे परत केले, तो विषय तिथेच संपला. पण तुम्ही दुकानात बसवून घेत असाल तर तिथेच समोर उभे राहा आणि फिल्म काढलेली डोळ्यांनी बघा.

मग स्वतः बसवला. आयसोप्रॉपिलने दोन्ही बाजू पुसल्या, एमएक्स-४ पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब मध्ये आणि चार कोपऱ्यांकडे चार बारीक ठिपके, कारण या प्रोसेसरमधली चिप बरोबर मध्यभागी नसते, एका बाजूला असते, तिकडे पेस्ट पोचली पाहिजे. बोर्डाची मागची मूळ प्लेटच वापरायची, फक्त वरचे प्लास्टिकचे हुक काढायचे. मधला पंखा काढल्याशिवाय स्क्रूपर्यंत हात जात नाही, तो नंतर तारेच्या क्लिपने लावायचा. दोन्ही स्क्रू आळीपाळीने दोन-दोन फेरे, एकच बाजू आधी घट्ट केली तर तळ तिरका बसतो.

आता आकडे, सगळे माझ्या खोलीतले, दोनशे रुपयांचं डिजिटल थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीसमोर ठेवून. खोली ३३, दमटपणा सत्तरच्या वर. सगळं स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर, १४२ वॅट, सिनेबेंच दहा मिनिटं, एके६२० वर ८६-८७. जुना सिंगल टॉवर याच परिस्थितीत ९० ला टेकून क्लॉक ४.२ च्या आसपास आणायचा. म्हणजे कूलरने काम केलंय, सहा हीटपाईप आणि दोन टॉवर उगाच नाहीत. पण बाहेरच्या रिव्ह्यूमध्ये हाच प्रोसेसर आरामात सत्तरीत दिसतो, तो इथे मे महिन्यात दिसणार नाही, ही तयारी ठेवून घ्या.

खरा फरक कूलर आणि सेटिंग दोन्ही मिळून पडला. मी फिक्स ४.६ सोडून दिलं. एक तर त्यात एका कोअरचा बूस्ट जातो, हा प्रोसेसर स्टॉकला हलक्या कामात ४.८५ पर्यंत जातो, मग ४.६ ला बांधून ठेवून फायदा काय. शिवाय फिक्स क्लॉक टाकला की पीपीटीचा लगाम सुटतो, प्रोसेसर जेवढे वॅट लागतील तेवढे घेतो. त्याऐवजी बायॉसमध्ये पीबीओ (एएमडीचा बूस्टच्या मर्यादा बदलायचा पर्याय) ॲडव्हान्स्ड, पीपीटी १४२ वरून १२०, आणि कर्व्ह ऑप्टिमायझर निगेटिव्ह, सगळ्यात चांगल्या दोन कोअरना वजा १५, बाकीच्यांना वजा २५. कर्व्हचा एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे त्याच क्लॉकला प्रोसेसर कमी व्होल्टेज मागतो. आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे व्होल्टेज पाच टक्के उतरलं की वॅट जवळजवळ दहा टक्के उतरतात. या सेटिंगला त्याच ३३ च्या खोलीत ७७. दहा डिग्री गेले आणि सिनेबेंचचा स्कोअर स्टॉकएवढाच, पंधरा हजारांच्या आसपास, पन्नास-शंभर इकडे तिकडे. एक्सपोर्टला लागणारा वेळ घड्याळ लावून बघितला, पावणेदोन तासांच्या फाइलमध्ये दोन मिनिटांचा सुद्धा फरक नाही.

कर्व्हमध्ये हावरटपणा नको. मी आधी सगळ्यांना वजा ३० टाकलं होतं, रेंडर बिनधास्त पास आणि रात्री मशीन नुसतं पडून असताना आपोआप रीस्टार्ट. कर्व्हने कमी केलेल्या व्होल्टेजची अडचण बहुतेक सगळ्या कोअरवर लोड असताना नाही, मशीन रिकामं किंवा हलक्या कामात असताना दिसते, म्हणून सिनेबेंच पास झालं म्हणजे झालं असं धरू नका, कोअरसायकलर हा टेस्टचा प्रोग्राम रात्रभर लावा, तो एकेक कोअर वेगळा तपासतो.

मग सेफ टेम्परेचर किती, हा प्रश्न मला सगळे विचारतात. एकच आकडा सगळ्यांना लागू नाही. ५८००एक्सला मर्यादा ९०, ५६००एक्सला ९५, ७८००एक्स३डी ला ८९, इंटेलच्या १२६००के सारख्यांना १००. रायझन ७००० चे एक्सवाले तर पूर्ण लोडला ९५ वर जाऊन थांबायचं अशाच पद्धतीने बनवलेत, ७६००एक्स ९५ दाखवतोय म्हणून कूलर परत करायला जाऊ नका. माझं स्वतःचं मत असं, तास-दोन तासांचं रेंडर असेल तर मर्यादेच्या दहा डिग्री खाली राहावं, म्हणजे ५८००एक्सला ८०, इंटेलला ८५ ते ९०. हे प्रोसेसर जळेल या भीतीने नाही, तर मेमधल्या एखाद्या वाईट दिवसासाठी हातात जागा हवी म्हणून. शिवाय ग्राफिक कार्ड त्याच कॅबिनेटमध्ये दोनशे वॅट ओकत असतं, गेम खेळताना किंवा इफेक्ट लावताना ती हवा कूलरच्याच तोंडात जाते. रिकाम्या मशीनला ४५-५० आपल्याकडे नॉर्मल. ब्राउझर उघडला की पटकन ६५ ला उडी मारून परत येतो ते पण नॉर्मल, चिप इतकी छोटी आहे की क्षणात तापते नि क्षणात उतरते. जुने लोक ६० च्या वर गेलं की धोका सांगतात, तो हिशोब वेगळ्या जमान्यातल्या प्रोसेसरचा आहे.

आणि टेम्परेचर कमी दिसतंय म्हणून व्होल्टेज वाढवत बसू नका, ही चूक खूप जण करतात. चिपच्या आतल्या बारीक तारा झिजतात त्या उष्णता, करंट आणि व्होल्टेज मिळून झिजवतात. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचं जे झालं ते बघा, प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, त्यातून अस्थिर व्हायला लागले, ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलला मायक्रोकोडचं (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामचं) अपडेट काढावं लागलं आणि डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तिथे थंड कूलर लावून प्रश्न सुटला नसता. त्या पिढीचा कोणाकडे असेल तर ओव्हरक्लॉक बाजूला ठेवा, आधी बायॉस अपडेट करा, आजच करा.

पुन्हा कूलरवर येतो. उंची १६० मिमी, तुमच्या कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे का ते मोजून जा, अरुंद कॅबिनेटची काच बसत नाही. वजन दीड किलोच्या जवळ जातं, म्हणून मशीन टॅक्सीत किंवा टेम्पोत न्यायचं असेल तर आडवं ठेवा, उभं नेऊ नका. पुढचा पंखा रॅमच्या वर येतो, उंच लायटिंगवाली रॅम असेल तर पंखा वर सरकवावा लागतो आणि मग उंची आणखी वाढते. लाइट-बिट काही नाही, काळं साधं, मला तेच हवं होतं. आवाज पूर्ण १८५० आरपीएमला येतो, घरात ऐकू जातो. मी पंख्यांचा वेग ६० डिग्रीपर्यंत ८०० आरपीएम आणि ८० डिग्रीला १३०० असा ठेवलाय, पूर्ण वेगाच्या तुलनेत फक्त दोन-तीन डिग्री जास्त आणि आई आता काही बोलत नाही.

पंख्यांपेक्षा कॅबिनेटकडे बघा. माझं आधीचं पुढून काचेचं बंद होतं. बाजूचं पॅनेल काढून तीच टेस्ट केली तर टेम्परेचर सात डिग्री उतरलं, म्हणजे कूलरला हवाच मिळत नव्हती. तुम्ही पण पॅनेल काढून बघा, तीन-चारपेक्षा जास्त उतरलं तर नवीन कूलरच्या आधी जाळीचं कॅबिनेट घ्या. आणि धूळ. आमच्या बाजूला रस्त्याचं खोदकाम चालू आहे, पंधरा दिवसांत पुढच्या फिल्टरवर करडी गोधडी तयार होते, ती काढली की तीन डिग्री परत मिळतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने भरधाव फिरलं की बेअरिंग जातं.

दमट हवेमुळे आत पाणी धरेल का असं एका मित्राने विचारलं. हवेच्या कूलरला नाही, तो खोलीच्या खाली जाऊच शकत नाही, आणि पाणी धरतं ते फक्त दवबिंदूच्या खाली गेल्यावर. पावसाळ्यात आपल्याकडे दवबिंदू पंचवीसच्या आसपास असतो, त्यामुळे बर्फ, पेल्टियर (विजेवर थंड होणारी प्लेट), चिलर असले खोलीच्या खाली नेणारे प्रयोग मात्र मुंबईत करू नका.

कोणी घ्यावा. ५८००एक्स, ५९००एक्स, १२७००के असले वॅट खाणारे प्रोसेसर असतील आणि तासन्‌तास रेंडर असेल तर डोळे झाकून घ्या. माझा भाचा ५६००एक्सवर गेम खेळतो, त्याला पण हाच हवा होता. त्याला नको म्हटलं, त्याचा प्रोसेसर ७६ वॅटच्या वर जातच नाही, एक चांगला सिंगल टॉवर पुरे, उरलेले पैसे एसएसडीत घाल. तो ऐकत नव्हता, मग रविवारी त्याच्याकडे जाऊन पॅनेल उघडलं, फिल्टर धुतला, पेस्ट बदलली, कर्व्ह वजा २० केला. ३० च्या खोलीत ७१ आला. आता एसएसडी कुठली घेऊ विचारतोय.